मुद्दा क्रमांक चार

वकीलसाहेबांवर गौरवग्रंथ काढायचा म्हणून त्यांच्या गावची तीन-चार मंडळी मध्यंतरी माझ्याकडं येऊन गेली. साहेबांचा पहिला जाहीरनामा मी लिहून काढला होता, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. मी त्यांना चहा पाजला, साहेबांच्या दोन-तीन गमती सांगितल्या, एक जुना फोटो दिला आणि वाटेला लावलं. त्या जाहीरनाम्यात सात मुद्दे होते. सहा मुद्द्यांवर मी भरभरून बोललो. चौथ्याजवळ आलो की विषय बदलत होतो, आणि त्या मंडळींपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नाही. ती गेल्यावर मला स्वतःचा इतका संताप आला की बायकोवर उगीचच खेकसलो. दोन दिवसांनी आता हे लिहायला घेतलंय. हे गौरवग्रंथासाठी नाही.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. राजेश्वर गावापासून तीन कोसांवरच्या एका गावात शाळामास्तर होतो. शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं, घरात मराठी, आजोळी कानडी. त्यामुळं सरकारी कागद वाचून दाखवायला गावात माझ्याशिवाय पान हलत नसे, आणि त्याचा मला माज होता. वकीलसाहेब तालुक्याच्या कोर्टात वकिली करत. राज्य जायच्या आधीचं वर्षभर ते सोलापूरच्या बाजूला सरहद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत होते. परत आले ते हातभर दाढी वाढवून. डोक्यावर पांढरी टोपी आणि अंगात तीच कोर्टातली जुनी शेरवानी, असा त्यांचा थाट. त्यांच्या स्वागताला सगळ्यात मोठे हार कुणी आणले असतील, तर आदलं वर्षभर ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं त्यांनी. त्यातला एक हार माझा होता.

साहेब माणूस मोठा होता, हे मी आजही म्हणतो. त्यांना राजकारण म्हणजे भाषण वाटत नसे. ते म्हणायचे, "आधी लोकांना काय पायजे ते लिहून काढायचं, मग पक्षाला सांगायचं, की बाबा, एवढं मान्य असलं तर आम्ही तुझे." म्हणून पहिल्या निवडणुकीच्या कितीतरी आधीपासून ते गावोगाव हिंडून बैठका घेत होते. सायकलीवर पुढं ते आणि मागच्या सायकलीवर वह्या घेऊन मी. मी सरकारी नोकर, मला हे करायची परवानगी नव्हती. पण शाळा सुटल्यावर कोण विचारतंय, अशी माझी समजूत होती. गावात मठ असला तर मठात, नाहीतर मारुतीच्या देवळात माणसं जमायची. कुणी म्हणे, कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याला करा. कुणी म्हणे, पाटलाच्या घरची वेठ बंद करा. कुणाला गावाला विहीर हवी असे, कुणाला मुलांची शाळा उर्दूतून मराठीत आणायची असे. मी लिहून घेई. साहेब मांडी घालून ऐकत आणि मध्येच बोट वर करून म्हणत, "हा मुद्दा."

मी ज्या गावात शिकवत होतो तिथल्या मठातली बैठक मला जशीच्या तशी आठवते. पुरुष पुढं बसले होते, बाया मागं खांबांच्या आड. सगळ्यांचं बोलून झालं, साहेब उठायला लागले, तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "अन् बायांचं काय?"

सगळे वळून बघायला लागले. पदर कपाळापर्यंत ओढलेली, चाळिशीची, बिनबांगड्यांच्या हातांची बाई खांबाला धरून उभी होती. गावात तिला सगळे अक्का म्हणत. तिचा नवरा तापानं गेला होता आणि मूलबाळ नव्हतं. नवऱ्याच्या वाट्याचं रान धाकटा दीर कसत होता आणि ते आपल्या एकट्याच्या नावावर करून घ्यायच्या खटपटीत होता, हेही गावाला माहीत होतं.

साहेबांनी विचारलं, "बायांचं काय पायजे, अक्का?"

"तहसिलीत गेले व्हते म्या," ती म्हणाली. "पेशकार म्हणला, तू त्येची बायको कशावरनं? कागूद दाव. म्या म्हणलं, लगीन लागलं तवा कागूद नव्हता. सरकारच्या कुठल्याबी कागदावर माझं नाव न्हाई बगा. गोठ्यातल्या बैलाची नोंद हाय, माझी न्हाई."

पुरुष हसले. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी बोट वर केलं. "लिही मास्तर. हा मुद्दा."

तोच मुद्दा क्रमांक चार. 'प्रत्येक स्त्रीची नोंद सरकारी कागदपत्रांत तिच्या स्वतःच्या नावानं होईल आणि पतीच्या पश्चात त्याच्या जमिनीवर तिचं नाव लागेल.' वाक्य माझं, विचार अक्काचा. त्या वाक्यावर मी फार खूश होतो. साहेबांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि मला शाबासकी दिली.

पुढच्याच आठवड्यात अक्का दुपारच्या सुट्टीत शाळेत आली. सोबत शेजारची आठ-नऊ वर्षांची पोर आणली होती, म्हणजे एकटी आली असं कुणी म्हणू नये. म्हणाली, "मास्तर, मला माझं नाव लिव्हायला शिकवा. उद्या कागदावर आलं तर वळखायला तर यावं."

मी पाटी घेतली. "सांगा नाव."

तिनं पदर आणखी पुढं ओढला. आमच्याकडं बाई परपुरुषासमोर स्वतःचं नाव घेत नव्हती. नवरा बायकोचं घेत नव्हता, बायको नवऱ्याचं घेत नव्हती. माहेरची माणसं नाव घ्यायची, ती दूर. सासरी सगळा कारभार अमक्याची आई, तमक्याची बायको एवढ्यावर चालायचा. तिनं पोरीला बाहेर लिंबाखाली पाठवलं, भिंतीकडं तोंड केलं आणि नाव सांगितलं. इतकं हळू, की मला पुन्हा विचारावं लागलं.  पाच-सहा दुपारी ती आली आणि चार अक्षरं शिकून गेली. एक जोडाक्षर तिला फार छळायचं, ते जमल्यावर स्वतःशीच हसली. शेवटच्या दिवशी म्हणाली, "ह्ये कुनाला सांगू नगा बरं, मास्तर. दिराला कळलं तर हाडं मोडंल."

मी म्हटलं, "मी कशाला सांगतोय अक्का."

मग मतदारांच्या याद्या करायचं काम निघालं आणि सगळ्या तालुक्यात ते मास्तरांच्या गळ्यात पडलं. घरोघर जायचं आणि एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक बाई-पुरुषाचं नाव लिहायचं. पुरुषांचं सोपं होतं. बायांच्या बाबतीत दारोदार तेच उत्तर, 'लिव्हा की, अमक्याची बायको.' वरून हुकूम स्वच्छ होता की बाईचं स्वतःचं नावच लिहायचं. मी दोन-चार घरी समजावून पाहिलं, माणसं चिडली, मग मीही तसंच लिहीत सुटलो. ऊन डोक्यावर होतं आणि मला शंभर घरं उरकायची होती. ही सबब नाही, नुसतं सांगतोय.

अक्काच्या घरी गेलो तेव्हा ती रानात होती. दीर कट्ट्यावर बसला होता, शेजारी त्याचे तीन-चार सोबती. त्यानं आपलं नाव सांगितलं, पोराचं सांगितलं. बायकोचं विचारलं तर म्हणाला, "मी बायकूचं नाव घेऊ व्हय? मास्तर, तुमच्या घरी घेत्यात का?" कट्टा खो-खो हसला.

मी विचारलं, "आणि थोरल्या भावाची बायको?"

"ती? थोरल्याची बायकू म्हणून लिव्हा की. तिचं नाव कुनाला म्हाईत हाय हितं?"

मला माहीत होतं. त्या घरातल्या माणसाला माहीत नसलेलं नाव मला माहीत होतं, आणि तीच पंचाईत झाली. परक्या घरच्या विधवा बाईचं नाव बिनलग्नाच्या मास्तराला कसं ठाऊक, हा पुढचा प्रश्न मला कट्ट्यावरच्या चेहऱ्यांवर दिसायला लागला. त्यात माझ्या लग्नाची बोलणी त्याच गावात चालली होती. मुलीचा काका त्या सोबत्यांमध्येच बसला होता. मनात आलं, तिलाही जपायला हवं, नाव घेतलं तर दीर तिला मारेल. हे खरंच होतं. पण संध्याकाळी रानात जाऊन, किंवा शाळेत बसून, कुणाला न विचारता मी ते नाव यादीत घालू शकलो असतो. लेखणी माझ्याच हातात होती. मी लिहिलं, 'मयत थोरल्याची बायको', आणि पुढच्या घराकडं निघालो.

तीन-चार दिवसांनी ती मला पाणवठ्याच्या वाटेवर भेटली. डोक्यावरची घागर तशीच धरून उभी राहिली. "मास्तर, आमच्या घरी येऊन गेलाव म्हणं. माझं नाव लिव्हलाव न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय अक्का."

मी का खोटं बोललो हे मला तेव्हाही कळलं नाही. बहुधा तिच्या तोंडावरचा आनंद बघून बोललो असेन. मनात ठरवलं होतं, की आज-उद्या यादी दुरुस्त करून टाकू म्हणजे खोट्याचं खरं होईल. अशी आज-उद्या करण्यात माझा हात कुणी धरू शकलं नसतं.

दुरुस्त करायची संधी सरकारनंच दिली. असल्या बिननावाच्या बाया सगळीकडंच निघाल्या होत्या. तहसिलीतून याद्या परत आल्या. पुन्हा घरोघर जा, खरी नावं विचारा, ज्या सांगणार नाहीत त्यांच्यापुढं तसा शेरा मारा, म्हणजे त्यांची नावं कमी करता येतील. मुदत थोडी होती. नेमक्या त्याच दिवसांत पक्षाकडून निरोप आला की जाहीरनामा छापायला लगेच पाठवा. साहेबांच्या ओसरीवर मी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसून होतो, मराठी प्रत वेगळी, कानडी वेगळी, उर्दू वेगळी. पक्षाच्या वरच्या मंडळींना चौथा मुद्दा नको होता, त्यानं जुनी घरं बिथरतील असं त्यांचं म्हणणं. साहेब हट्टाला पेटले होते. "चौथा गेला तर मी गेलो," असं त्यांनी मला लिहायला सांगितलं आणि मी ते पत्र लिहिलं. एका हाताला ते पत्र, दुसऱ्या हाताला यादीचे कागद. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी यादी पुढं ओढली आणि गावच्या सगळ्या बिननावाच्या बायांपुढं एकच शेरा मारला, 'नाव सांगण्यास नकार'. पहिल्या ओळीला पूर्ण लिहिलं, खाली नुसत्या टिंबांच्या जोड्या. अक्काच्या ओळीवर हात थांबला, एवढं मात्र आठवतं. पण एकीचंच नाव घातलं तर तहसिलीतला अधिकारी विचारील, की हिचं कसं मिळालं आणि बाकीच्यांचं का नाही, म्हणजे मी गावात गेलोच नाही हे उघडं पडेल. मी तिच्यापुढंही दोन टिंबं दिली, खाली सही केली आणि पुन्हा चौथ्या मुद्द्याच्या कानडी भाषांतराकडं वळलो.

लोक म्हणतात, माणसाला वाईट करताना कळत नाही. साफ खोटं आहे, मला चांगलं कळत होतं.

मतदानाच्या दिवशी माझी नेमणूक त्याच गावच्या केंद्रावर झाली, माझ्याच शाळेत. यादी घेऊन बसायचं, आलेल्या माणसाचं नाव शोधायचं आणि खूण करायची, हे माझं काम. मुख्य अधिकारी तेलंगणातून आलेला, मराठी बेताचीच येणारा, पण फार सज्जन गृहस्थ होता. बायांची रांग वेगळी होती. रांग कसली, चार-सहा बाया. बाकीच्यांची नावंच नव्हती आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं.

अक्का उन्हं वर यायच्या आत आली होती. धुतलेलं इरकली लुगडं, कपाळाला विभूती. तिची पाळी आली. अधिकाऱ्यानं विचारलं, "नाव काय अम्मा?"

तिनं मान वर केली आणि नाव सांगितलं. भिंतीकडं तोंड न करता, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. शेजारीच पुरुषांची रांग होती. त्या रांगेत तिचा दीर होता. बायांच्यात कुणीतरी फिसकन हसलं.

अधिकाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी यादीवर बोट ठेवलं आणि पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत नीट, सावकाश शोधलं. नसलेलं नाव मी शोधत होतो, आणि ते का नाही हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. ते बोट फिरवणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात नीच काम आहे. मग मी म्हणालो, "नाही साहेब."

तो म्हणाला, "पुन्हा विचारा. घरी दुसरं काही नाव असेल."

मी विचारलं नाही. तिनंच पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. मग मागच्या दारी उभ्या असलेल्या पोलिसानंही मान वळवून पाहिलं. अधिकारी मला म्हणाला, "तुम्ही इथले मास्तर ना? ओळखता यांना?"

ओळखतो म्हटलं असतं तरी यादीत नाव नव्हतं, मत देता आलं नसतं. म्हणजे खरं बोलण्यात माझं काही जात नव्हतं. तरी मी म्हणालो, "गावात बघितलंय, नाव ठाऊक नाही."

अक्कानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. 'ह्याच मास्तरनं मला नाव लिव्हायला शिकवलंय' असं ती म्हणू शकली असती. तिनं ते म्हटलं नाही. मला वाटतं, दिराच्या समोर माझं लफडं नको म्हणून तिनं मला सांभाळून घेतलं. "न्हाई तर न्हाई," असं म्हणून ती गेली.

साहेब निवडून आले. गुलाल उधळला, बैलगाडीतून मिरवणूक निघाली, आणि त्या गाडीत साहेबांच्या मागं जाहीरनामा छातीशी धरून मी बसलो होतो. जमिनीचा निकाल त्यानंतर तीन-चार महिन्यांनी लागला. अक्का तहसिलीत गेली होती. तिनं कुठून तरी ऐकलं होतं की मतदारांच्या याद्यांत खोडलेल्या बायांचीही नोंद असते, म्हणून तीच यादी मागवा असा तिनं धोशा लावला. यादी आली. पेशकारानं वाचून दाखवलं, 'मयत थोरल्याची बायको. नाव सांगण्यास नकार.' दिरानं तिथंच म्हणे हात जोडून सांगितलं, "बगा सरकार, जी बाई आपलं नाव सांगत न्हाई ती वारस कशी?" हे मला आमच्या पटवाऱ्यानं सांगितलं, मोठ्या गमतीनं सांगितलं. रान दिराच्या नावावर लागलं. महिनाभरात अक्का गाव सोडून गेली. त्याच महिन्यात माझं लग्न झालं.

पुढं एकदा मी हैदराबादला साहेबांकडं गेलो होतो. त्यांना मोठा बंगला मिळाला होता, दाढी गेली होती, शेरवानी नवी होती. मी म्हटलं, "साहेब, चौथा मुद्दा जिनं सांगितला त्या बाईचंच रान गेलं. तुम्ही तहसीलदाराला एक शब्द टाका."  ते म्हणाले, "एकेका बाईसाठी शब्द टाकत बसलो तर धोरण कोण करणार? चौथ्याचं बघतोय मी. पक्षात पटवून देतोय." ते पटवत होते, हेही खरं असावं. पण मी त्यांना अर्धीच हकिकत सांगितली होती. शेरा कुणी मारला हे सांगितलं असतं, तर कदाचित त्यांनी शब्द टाकला असता आणि मला नोकरीवरून काढलं असतं. मी त्यांच्या घरचं जेवण जेवून परत आलो.

साहेबांची कारकीर्द तिथून उतरणीला लागली. कुळकायद्याच्या एका समितीवर ते होते, तिथं त्यांचं कुणी ऐकेना. मग भाषावार राज्यांचा विषय पेटला. आमचा सगळा मुलूख म्हैसूरकडं जाणार हे दिसायला लागलं, आणि मराठी गावांवर अन्याय होतोय म्हणून साहेबांनी पक्ष सोडला. पुन्हा बोलावणं आलं, पुन्हा मी वह्या घेऊन गेलो. या वेळी बैठका नव्हत्या, गावोगाव हिंडणं नव्हतं. नवा जाहीरनामा साहेबांनी अर्ध्या तासात तोंडी सांगितला. त्यात एकच मुद्दा होता, आम्ही कुठल्या राज्यात जायचं तो. मी विचारलं, "बाकीचे सहा?" ते म्हणाले, "आधी घर कुठं ते ठरू दे, मग आत काय ठेवायचं ते बघू." मला त्यांचा राग आला नाही. माझ्यासारख्यानं कुठल्या तोंडानं रागवायचं?

हैदराबाद राज्य मोडायच्या थोडं आधी साहेबांची गाणगापूरला सभा ठेवली होती. पौर्णिमेला तिथं महाराष्ट्रातून माणसं येतात, त्यांच्यासमोर बोलावं असा बेत. सभेआधी आम्ही सात-आठ जण एका लिंगायत दुकानदाराच्या खानावळीत जेवायला बसलो. चुलीपुढं एक बाई भाकरी थापत होती. साहेब म्हणाले, "वा बाई, काय भाकरी! कुठल्या गावच्या?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. भाकरी वाढायला वाकली तेव्हा मी ओळखलं. ती फार वाळली होती. तिनं मला आधीच ओळखलं होतं. साहेबांनी तिला ओळखलं नाही, आणि चौथा मुद्दा तिच्याकडून आला हे मीही त्यांना सांगितलं नाही.

जेवण झाल्यावर बाकीचे सभेकडं गेले. मी हात धुवायचं निमित्त करून मागं राहिलो आणि परसात गेलो. ती भांडी घासत होती.

"बरं हाय का, अक्का?"

"बरं हाय की. दोन येळंला पोटभर मिळायलंय." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "लगीन झालं म्हणं तुमचं. लेकरं?"

"एक मुलगी."

"नाव काय ठिवलाव?"

मी मुलीचं नाव सांगितलं. तिला आवडलं. मग राख हातात घेऊन बसून राहिली आणि म्हणाली, "मास्तर, माझंच चुकलं बगा. बाईमाणसानं आपलं नाव तोंडानं घिऊ नये म्हणत्यात, ते खरं हाय. म्या भरल्या रांगंत घेतलं. दोनदा घेतलं. त्येच बाधलं मला. रान गेलं, घर गेलं."

"तसं काही नसतं, अक्का."

"न्हाई कसं? तुम्ही तर लिव्हलं व्हतं की. तुम्ही सोता मला सांगितलाव. तुमच्या हातचं लिव्हलेलं सरकारनं खोडलं अन् वर नकार लिव्हलं, मंजी म्या साळंत तुमच्याम्होरं घेतलं तवापास्नंच बाधलं असंल."

चार वर्षं तिनं असा हिशेब लावला होता. दिराला शाप दिला असेल, पेशकाराला दिला असेल, आणि शेवटी सगळा दोष स्वतःच्या जिभेवर घेतला होता. त्यात मी कुठंच नव्हतो. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं: अक्का, मी लिहिलंच नव्हतं. शेजारी कुणी नव्हतं. लग्न झालेलं होतं, नोकरी पक्की होती, तिच्याकडून मला भीती नव्हती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "आता नव्या याद्या होणार आहेत. इथले मास्तर येतील, तेव्हा नाव सांगा. या वेळी नक्की लागेल."

तिनं मान हलवली. "नगं. हितं मला समदे अक्का म्हणत्यात, तेवढं पुरं हाय." आणि उठून, हात धुऊन, आत गेली. परत आली ती फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या घेऊन. "वाटंत खावा. लेकीला बी द्या." मी त्या घेतल्या. तिकडं साहेबांचं भाषण सुरू झालं होतं, कर्ण्यातून आवाज येत होता, 'आमची नोंद आमच्या भाषेत झाली पाहिजे.' माणसं टाळ्या वाजवत होती.

ती नंतर पाच-सात वर्षांत तिथंच वारली, असं त्या खानावळवाल्यानं एकदा सांगितलं. साहेब गेले, दीर गेला, बायकोचा काकाही गेला. आता माझ्यावर कुणी संशय घ्यायला उरलेलं नाही.

तरी हे सगळं लिहून काढताना मी तिचं नाव एकदाही लिहिलेलं नाही. ती चार अक्षरं मला पाठ आहेत. दोन वेळा कागदावर उतरवली आणि खोडली. तिच्या दिराची नातवंडं अजून त्या गावात आहेत, त्यांना उगीच वाईट वाटायला नको, असं कारण माझ्याकडं तयार आहे. कारण माझ्याकडं तेव्हाही तयारच होतं.